पदवीवरचा शिक्का आणि सनदेवरची सही

५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या मदरसा शिक्षण कायद्यावर निकाल दिला. त्याआधी मार्च महिन्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाने २००४चा हा कायदा संपूर्णच घटनाबाह्य ठरवला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि कायदा वैध ठरवला. मदरसे वाचले म्हणून बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले.

मदरसा बोर्डाकडून दिल्या जाणाऱ्या ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदव्यांपुरता कायदा न्यायालयाने रद्द केला. कामिल म्हणजे पदवीच्या तोडीची आणि फाजिल म्हणजे पदव्युत्तर. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. पदवी कोणी द्यायची हे १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याने ठरवून दिले आहे. त्याच्या कलम २२ नुसार संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. मदरसा बोर्ड यांपैकी कशातच बसत नाही.

कायद्याच्या दृष्टीने यात फारसे वादाला जागा नाही. पण अनेक वर्षे किताबांवर मान मोडून ‘फाजिल’ झालेला मुलगा नोकरीच्या अर्जावर आता काय लिहिणार? आणि त्याहून जुना प्रश्न असा की, एखाद्याचे शिक्षण खरे आहे याची हमी नेमकी कोण देतो? सरकार की शिक्षक? मुस्लिम समाजाच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे वेळोवेळी शोधली गेली आहेत. त्यातली काही आज आठवायला हवीत.

बगदादची परीक्षा

हिजरी सन ३१९, म्हणजे इसवी सन ९३१. बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याची बातमी खलिफा मुक्तदिरच्या कानावर गेली. त्याने मुहतसिबला, म्हणजे बाजारावर आणि व्यवसायांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, हुकूम दिला की, यापुढे परीक्षा दिल्याशिवाय शहरात कोणीही वैद्यकी करू नये. परीक्षा घेण्याचे काम सिनान इब्न साबित या नामवंत हकिमाकडे सोपवले. सिनान त्या वेळी मुसलमान नव्हता, साबी पंथाचा होता. खलिफाने त्याचा धर्म पाहिला नाही, त्याची विद्या पाहिली. ज्यांचे नाव आधीच सिद्ध होते त्यांना सूट मिळाली. उरलेल्या आठशे साठहून अधिक वैद्यांना सिनानपुढे यावे लागले.

जुन्या अरबी चरित्रकारांनी या परीक्षेचा एक मजेदार किस्सा नोंदवून ठेवला आहे. एके दिवशी रुबाबदार पोशाखातला एक म्हातारा सिनानकडे आला. सिनानने त्याला मानाने बसवून घेतले आणि अखेर विचारले, आपले उस्ताद कोण? म्हाताऱ्याने दिनारांची पुडी पुढे ठेवली आणि कबूल केले की, आपल्याला धड लिहिता-वाचताही येत नाही, पण घरदार याच धंद्यावर चालते, तेवढे तोडू नका. सिनान हसला. जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, जालीम रेचक द्यायचे नाही, या अटीवर त्याने त्याला सोडले. म्हातारा म्हणाला, मी जन्मात सरबतापलीकडे काही दिलेलेच नाही! दुसऱ्या दिवशी एक देखणा तरुण आला. कोणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? काल आपल्याकडे येऊन गेले ते शेख. सिनानने त्यालाही त्याच अटीवर सोडले.

हा किस्सा हजार वर्षांपूर्वीचा असला तरी ओळखीचा वाटतो. परीक्षा आली की तिच्यातून सुटण्याची वाट आली, दिनारांची पुडी आली आणि परीक्षकाची दयाही आली. तरी एक गोष्ट सिनानने सोडली नाही. त्याने अडाण्याला विद्वान ठरवले नाही. त्याने त्याची मर्यादा ठरवून दिली, म्हणजे रुग्ण तरी वाचावेत.

इजाजतचा कागद

वैद्यकी सोडली तर बाकीच्या विद्यांमध्ये अशी सरकारी परीक्षा नव्हती. तिथे ‘इजाजा’ म्हणजे इजाजत चालायची. शागीर्दाने उस्तादासमोर एखादा ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, शंका विचारायच्या, चुका दुरुस्त करून घ्यायच्या. उस्तादाची खात्री पटली की तो लिहून द्यायचा : अमुक ग्रंथ याने माझ्याकडे वाचला, तो पुढे शिकवण्याची याला परवानगी आहे. उस्तादाने तो ग्रंथ कोणाकडून घेतला आणि त्याने कोणाकडून, अशी साखळीही सोबत यायची. ती थेट ग्रंथकर्त्यापर्यंत पोचायची.

म्हणजे ही सनद मदरशाची नसून माणसाची असायची. विद्यार्थी कुठे शिकला यापेक्षा कोणाकडे शिकला याला किंमत होती. म्हणून तर अकराव्या शतकात मक्केत करीमा मरवझिया या विदुषीकडे ‘सहीह बुखारी’ वाचायला लांबलांबून लोक यायचे. खतीब बगदादीसारखा नावाजलेला विद्वानही त्यांत होता. करीमाची साखळी भक्कम होती, एवढे पुरे होते.

पण या पद्धतीलाही कीड लागली. पुढे पुढे न वाचताच इजाजत मिळू लागली. बड्या घरच्या तान्ह्या मुलांच्या नावे सनदा लिहिल्या गेल्या. काहींनी तर आपल्या काळातल्या सर्व हयात मुसलमानांना सरसकट इजाजत देऊन टाकली! त्यावर जाणकारांनी तेव्हाच नाके मुरडली होती. सही करणारा जितका खरा, तितकीच सनद खरी, ही या पद्धतीची ताकद होती आणि दुबळेपणाही तोच होता.

कंपनी सरकारची मोहर

१८५७ साली कोलकाता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठे निघाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. सुरुवातीला ही विद्यापीठे शिकवतच नसत. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. ‘संलग्नता’ हा आज आपल्या तोंडात बसलेला शब्द त्याच व्यवस्थेतून आला. मुंबई विद्यापीठाच्या १८६२च्या पहिल्या पदवीधरांत न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर होते. यावरून तिथली कसोटी किती कडक असेल याचा अंदाज येतो. पण आता हमी देणारा माणूस मागे गेला आणि मोहर पुढे आली.

मुसलमानांनी या मोहरेला दोन प्रकारे उत्तर दिले. १८६६ साली देवबंदचा मदरसा लोकवर्गणीतून उभा राहिला. त्याने सरकारची मान्यता मागितली नाही. पण ठरलेला अभ्यासक्रम, वर्गवारी आणि वार्षिक परीक्षा या आधुनिक पद्धती मात्र त्याने उचलल्या. सर सय्यद अहमद खान यांनी दुसरी वाट धरली. १८७७चे त्यांचे अलिगढ कॉलेज आधी कोलकाता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होते. स्वतःचे विद्यापीठ हे त्यांचे स्वप्न होते. ते पूर्ण व्हायला १९२० साल उजाडले. सर सय्यद तोवर हयात नव्हते. इतर शहरांतली मुस्लिम महाविद्यालये जोडून घेण्याचा अधिकार अलिगढला मिळावा ही मागणीही सरकारने आधीच फेटाळली होती.

याच सुमारास हैदराबादेत तिसरा प्रयोग झाला. निजामाच्या फर्मानाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि उर्दूतून उच्च शिक्षणाची पदवी हा नवाच प्रकार सुरू झाला. मोहर राजाची होती, तिची अडचण नव्हती. अडचण पुस्तकांची होती. अर्थशास्त्र, रसायन, कायदा उर्दूत शिकवायचा तर ग्रंथ हवेत, परिभाषा हवी. म्हणून विद्यापीठाच्याही आधी, १९१७ साली भाषांतर विभाग उघडला गेला. त्याची सुरुवातीची धुरा मौलवी अब्दुल हक यांनी वाहिली. त्यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार त्या काळात आपल्या औरंगाबादेतून चालायचा. नवा अभ्यासक्रम सुरू करण्याआधी त्याची पुस्तके तयार करायची, हा उस्मानियाचा धडा मोठा आहे. पण हेही सांगितले पाहिजे की, मराठवाड्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना ही पदवी परक्या भाषेतूनच घ्यावी लागली. आपल्या भाषेतून शिक्षणाचा हक्क निजामाने उर्दूला दिला, मराठी-तेलुगू-कन्नडला दिला नाही.

शिक्क्याविना बेचाळीस वर्षे

आता अलिगढकडे परत येऊ. १९२० साली अलिगढ कॉलेजला सरकारी कायद्याने विद्यापीठाचा दर्जा मिळत होता. नेमके त्याच वेळी, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, त्याच कॉलेजच्या मशिदीत शेखुल हिंद महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची पायाभरणी झाली. असहकाराचे दिवस होते. सरकारी मान्यता आणि सरकारी पैसा नको, असे म्हणून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे हे विद्यापीठ तंबूंत आणि भाड्याच्या घरांत सुरू झाले. हकीम अजमल खान तिचे पहिले कुलपती आणि मौलाना मुहम्मद अली जौहर पहिले कुलगुरू.

त्याच लाटेत गुजरात विद्यापीठ, काशी विद्यापीठ आणि पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. जोश होता तोवर विद्यार्थी आले. आंदोलन ओसरले, १९२४ साली तुर्कस्तानात खिलाफतच संपली आणि जामियाचा पैशांचा झरा आटला. बंद करावी अशी भाषा सुरू झाली. गांधीजींनी प्रसंगी झोळी घेऊन फिरण्याची तयारी दाखवली. १९२५ साली जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली. पुढच्या वर्षी जर्मनीहून तीन तरुण परतले : झाकिर हुसेन, आबिद हुसेन आणि मुहम्मद मुजीब. झाकिर हुसेन बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आले होते. एकोणतिसाव्या वर्षी ते जामियाचे कुलगुरू झाले.

१९२७च्या अखेरीस हकीम अजमल खान वारले आणि पुन्हा अंधार झाला. तेव्हा १९२८ साली शिक्षकांनीच एक संस्था स्थापन करून शपथ घेतली की, वीस वर्षे जामिया सोडायची नाही आणि महिना दीडशे रुपयांहून अधिक पगार घ्यायचा नाही. तो ठरलेला पगारही कित्येकदा वेळेवर मिळत नसे.

माझ्या मते जामियाची खरी मान्यता ही होती. कुठल्याही आयोगाचे पथक तिथे आले नव्हते. पण वीस वर्षांची शपथ घेतलेले शिक्षक वर्गात उभे होते आणि त्यांच्या कामाचा बोलबाला झाला. मुलांना प्रकल्पांतून शिकवण्याचे प्रयोग तिथल्या प्राथमिक शाळेत झाले. गेर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन ज्यू बाई तिथे येऊन बालवर्गात रमली आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली. १९३७ साली वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, तेव्हा नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद गांधीजींनी झाकिर हुसेन यांना दिले. ज्या विद्यापीठाची पदवी सरकारदरबारी चालत नव्हती, त्याच्या कुलगुरूने देशाच्या शिक्षणाचा आराखडा केला. लगेच पुढच्या वर्षी त्या योजनेसाठी शिक्षक घडवणारे ‘उस्तादों का मदरसा’ जामियात सुरू झाले.

पण या कहाणीची दुसरी बाजू आपण सहसा सांगत नाही. शिक्षकांचा त्याग मोठा होता, पण किंमत विद्यार्थ्यांनीही मोजली. जामियाच्या पदवीवर सरकारी नोकरी मिळत नव्हती. गरीब घरच्या मुलाला असे शिक्षण घेणे परवडत नाही, म्हणून जामिया दीर्घकाळ लहानच राहिली. १९६२ साली आयोगाच्या कायद्याखाली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा स्थापनेला बेचाळीस वर्षे होत आली होती. त्यानंतर तिचा विस्तार झाला. १९८२ साली जनसंवादाचे केंद्र निघाले आणि त्याने देशाला नामवंत पत्रकार व चित्रपटकार दिले. १९८८ साली संसदेच्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली. विश्वास आधीच कमावलेला होता. शिक्का मिळाल्यावर तो हजारो मुलांच्या कामी आला.

आज काय?

आज नवा अभ्यासक्रम सुरू करायचा तर अभ्यास मंडळ, विद्या परिषद, बृहत् आराखडा, स्थानिक चौकशी समिती असे टप्पे पार करावे लागतात. शिवाय नॅकची श्रेणी आहेच. हे सगळे हवे की नको, असा प्रश्न मला पडत नाही. नसते तर बगदादच्या त्या म्हाताऱ्याचा मुलगा आज शस्त्रक्रिया करत असता. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्याच तपासणी पथकातल्या लोकांना उत्तम श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने अटक केली, तेव्हा सिनानपुढची दिनारांची पुडी आठवली. समिती येणार म्हणून रंगरंगोटी झालेल्या इमारती आणि रातोरात भरलेली कपाटे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत. तिथे शिक्का असतो, पण त्याच्या मागे उभा राहणारा माणूस नसतो.

कामिल-फाजिलच्या मुलांसमोरचा प्रश्न उलटा आहे. त्यांच्यामागे उस्ताद आहे, शिक्का नाही. न्यायालयावर रागावून तो मिळणार नाही. सरकारने या विद्यार्थ्यांना एखाद्या राज्य विद्यापीठाशी जोडून घ्यावे, त्यांची परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होतील त्यांना रीतसर पदवी द्यावी. अशी वाट काढणे अशक्य नाही. अलिगढ विद्यापीठाने २०१३ साली मदरशांतून येणाऱ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम सुरू करून ते दाखवून दिले आहे.

मदरसा चालवणाऱ्यांनीही जामियाच्या इतिहासाकडे मोकळ्या मनाने पाहावे. त्या शिक्षकांनी स्वतःच्या पगारावर मर्यादा घातली, अभ्यासक्रमात नवे प्रयोग केले, परदेशातल्या आणि परधर्मातल्या जाणकारांना आत घेतले. आणि वेळ आली तेव्हा स्वतंत्र भारताच्या कायद्याखाली आपली तपासणीही करून घेतली. तपासणीला नकार देण्यात स्वाभिमान आहे, असे त्यांना तेव्हा वाटले नाही. आपल्यालाही वाटू नये. कारण नकाराचा हिशेब संस्थेला द्यावा लागत नाही. तो नोकरीच्या अर्जाचा रकाना रिकामा ठेवून परत येणारा मुलगा देतो.