परळची प्रयोगशाळा आणि कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील जिवाणू

१/ टिश्यू कल्चर म्हटले की खानदेशात केळीची रोपे डोळ्यांपुढे येतात. पेशी काचपात्रात जगवण्याच्या याच विद्येचा, अर्थात ऊतीसंवर्धनाचा, मुंबईत सुमारे सात दशकांपूर्वी एका निराळ्या कामी उपयोग झाला: कुष्ठरुग्णांच्या त्वचेतील जिवाणू शरीराबाहेर वाढवण्यासाठी. #इतिहास #थ्रेड

२/ १८७३ साली नॉर्वेतील बर्गन येथे आर्मावर हॅन्सन यांना रुग्णांच्या गाठींत हा जिवाणू दिसला. पण प्रयोगशाळेत तो वाढेना. वाढत नाही, तर संसर्ग सिद्ध करायचा कसा? हतबल हॅन्सन यांनी १८७९ मध्ये एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीविना गाठीतील द्रव्य टोचले. खटला झाला आणि १८८० मध्ये त्यांना रुग्णालयातील पद गमवावे लागले.

३/ इकडे समाज या रोगाला पूर्वजन्मीचे पाप मानत होता आणि सरकार रुग्णांना कोंडत होते. मुंबईत १८९० मध्ये अ‍ॅकवर्थ कुष्ठालय उभे राहिले. १८९८ च्या कायद्याने तर निराधार कुष्ठरुग्णांना अटक करून आश्रमात डांबण्याची मुभा दिली.

४/ १९४१ मध्ये परळला टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाबरोबर कुष्ठरोगाचाही अभ्यास केला. हा जिवाणू चेतातंतूंत कसा शिरतो, यावर त्यांचा भर होता. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची धुरा त्यांच्याकडेच आली.

५/ त्यांच्या सहकारी डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या समर्थ. जन्म पुण्यात, १९१७. शिक्षण हुजूरपागा व फर्ग्युसनमध्ये. पीएच.डी.नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्याकडे त्या ऊतीसंवर्धन शिकल्या. भारतातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारण्याचे श्रेय त्यांना दिले जाते.

६/ १९५८ साली सी. व्ही. बापट, रणदिवे व खानोलकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या त्वचेतील गाठींचे नमुने घेऊन, मानवी गर्भाच्या मेरुरज्जूलगतच्या चेतापेशींच्या संवर्धनात त्यांनी एक जिवाणू वाढवला होता. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला नाव मिळाले ‘आयसीआरसी’.

७/ पण हा खरोखर कुष्ठरोगाचाच जिवाणू होता का? पुढील तपासण्यांनी उत्तर दिले: नाही. तो मायकोबॅक्टेरियम कुळातील ‘एव्हियम-इंट्रासेल्युलर’ गटाचा ठरला. हॅन्सनचा जिवाणू १९६० मध्ये उंदराच्या तळपायात व १९७१ मध्ये आर्माडिलोत वाढला. कृत्रिम माध्यमात मात्र आजतागायत नाही. २००१ मध्ये त्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हा कारणही उमगले: त्याची निम्म्याहून कमी जनुकसामग्री कार्यरत आहे.

८/ मग परळचे श्रम वाया गेले? तसे नाही. नातलग जिवाणूही शरीराला प्रतिकार शिकवू शकतो. १९७९ मध्ये डॉ. एम. जी. देव यांनी आयसीआरसीचे मृत जिवाणू वापरून लस तयार केली. दक्षिण भारतात सुमारे १,७१,४०० लोकांवरील तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले: बीसीजीचे संरक्षण ३४.१ टक्के, तर आयसीआरसीचे ६५.५ टक्के.

९/ रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. खानोलकरांना ते त्यापूर्वीच मिळाले होते. ज्यांच्या त्वचेतून हे सारे निघाले, ते रुग्ण मात्र इतिहासात ‘नमुने’ म्हणूनच उरले. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये विनापरवाना वाढवलेल्या पेशींमागची हेन्रिएटा लॅक्स जगाला निदान नावाने ठाऊक झाली. परळच्या नमुन्यांमागील माणसांना तेवढेही लाभले नाही.

१०/ आजही नवापूरसारख्या तालुक्यांत आशा सेविका घरोघरी जाऊन अंगावरचा बधिर चट्टा शोधतात. बहुविध औषधांनी हा रोग आता पूर्ण बरा होतो. लाजेपोटी लपवलेला चट्टा मात्र विकृतीकडे नेतो. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला; त्याने रुजवलेली भीती रद्द करणे अजून बाकी आहे.