कौशल्याचा मक्ता

1974 च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तीन पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला, तेव्हा खेळाडूला धारण करता येतील असे पात्रवर्ग त्यात तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. तळघरांत कुलुपे होती, गुप्त दरवाजे होते, पायाखाली उघडणारे सापळे होते. पण त्यांच्याशी सामना करण्याचा अधिकार कोणा एकाच्या नावे लिहून दिलेला नव्हता. सामानाच्या यादीत एका सुवर्णमुद्रेला दहा फुटी काठी मिळे आणि तेवढ्याच मोलाला पन्नास फूट दोर. त्या काठीने पुढची फरशी ठोकून पाहावी, फटीत पाणी ओतून ते कोठे मुरते हे न्याहाळावे, डोळ्यांना काय दिसते ते सूत्रधाराने सांगावे आणि हातांनी काय करतो ते खेळाडूने सांगावे, अशी त्या काळची वहिवाट होती. आणि सावधपणा हा ज्याचा त्याचा स्वतःचा गुण असल्यामुळे चिलखत घातलेला योद्धाही तो तितक्याच हक्काने दाखवू शके.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथे, एरो हॉबीज या दुकानाभोवती जमणाऱ्या खेळाडूंत, चोर नावाचा चौथा वर्ग निघाला. त्याची वार्ता दूरध्वनीवरून गायगॅक्स यांच्या कानी गेली, त्यांनी आपल्या पद्धतीने त्याचे नियम बांधून एका वार्तापत्रात छापले, आणि 1975 च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत त्याला कायमची जागा मिळाली. वाङ्मयात त्याचे पूर्वज होतेच : फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर, जॅक व्हान्सचा क्युजेल, आणि 1937 साली टॉल्किनने ज्याला चोर म्हणूनच मोहिमेवर धाडले तो बिल्बो. परंतु कथेतला चोर आपल्या बुद्धीने तरतो. नियमांतल्या चोराला मात्र शेकडेवारीचे कोष्टक मिळाले, आणि जी कामे कालपर्यंत साऱ्यांची होती त्यांचा जणू मक्ता त्याच्या नावे झाला. चोर सापळे शोधतो, अर्थात इतरांनी ते शोधू नयेत, असा निष्कर्ष नियमात कोठेही नमूद नसता अनेक मेजांवर रूढ झाला. या वर्गाविषयीची जुनी तक्रार मुख्यतः हीच आहे आणि ती निराधार नाही.

मक्ता मिळाला खरा, पण त्याचे उत्पन्न पाहा. 1978 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये पहिल्या पातळीच्या चोराला कुलूप उघडण्याची शक्यता शेकडा 25, सावलीत दडण्याची 10, आणि सापळा शोधण्याची व निकामी करण्याची 20. शोधणे आणि निकामी करणे या दोहोंसाठी फासे निरनिराळे टाकायचे असल्यामुळे दोन्ही साधण्याचा योग शंभरांत चार. एकदा न उघडलेले कुलूप तो पुढची पातळी गाठेपर्यंत त्याला बंदच राही. उलट कुलूप उघडणारा ‘नॉक’ हा मंत्र आणि सापळे दाखवणारी धर्मोपदेशकाची सिद्धी 1974 च्या मूळ पेटीतच होती, म्हणजे चोर अवतरण्यापूर्वीच त्याच्या वतनावर दुसऱ्यांचे हक्क दाखल झालेले होते. भरपाई म्हणून त्याला 1251 अनुभवगुणांवरच दुसरी पातळी मिळे, जी योद्ध्याला 2001 व मांत्रिकाला 2501 गुणांवाचून मिळत नसे. मांत्रिकाचे मंत्र दिवसभरात संपत, चोराचे कान मात्र प्रत्येक दाराला लागू शकत.

तथापि याच कोष्टकातला एक आकडा मला सगळ्यांहून बोलका वाटतो. भिंत चढण्याची शक्यता पहिल्याच पातळीला शेकडा 85 आहे. दोर टाकून, खिळे ठोकून कोणीही चढेल; येथे अभिप्रेत आहे ती आधारावाचून चढायची सरळ भिंत. पिंपाआड कोणीही लपेल, पण केवळ सावलीच्या आश्रयाने लपणे निराळे. हे आकडे असे वाचले, की सर्वांचा सामायिक सावधपणा जेथे थकतो तेथून चोराची विद्या सुरू होते, आणि मक्त्याचा प्रश्नच बरखास्त होतो. ज्या मेजावर हे वाचन मान्य आहे तेथे हा वर्ग अवश्य घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण कौशल्याचा रस यशाच्या आकड्यात नसून कृतीच्या तपशिलात असतो. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’तला शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो तो प्रसंग आठवावा : भिंत कशाची आहे हे पाहून तो भगदाडाचा आकार निवडतो आणि पक्क्या विटांना पूर्णकुंभ शोभेल असे ठरवतो, मापनसूत्र विसरल्यामुळे गळ्यातल्या जानव्याने माप घेतो, दार करकरू नये म्हणून पाणी शोधतो, निजलेले खरोखर निजले आहेत की सोंग करीत आहेत याची परीक्षा घेतो. यांतील प्रत्येक पायरीवर निर्णय आहे, आणि निर्णय आहे म्हणूनच प्रेक्षक श्वास रोखून पाहतो. याच्या जागी एकदाच फासे टाकून ‘घरफोडी साधली’ असे जाहीर केले असते, तर तिसऱ्या अंकात उरले काय असते?

दुसऱ्या खेळांनी वेगळी वाट धरली. 1977 चा ‘ट्रॅव्हलर’ आणि 1978 चा ‘रूनक्वेस्ट’ यांनी वर्गांची चौकट वगळून कौशल्ये सर्वांनाच वाटून दिली. 1981 च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’मध्ये तर ग्रंथालयात धुंडाळण्याचेही कौशल्य झाले आणि कित्येकदा तेच पिस्तुलाहून उपयोगी पडले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीने चोराला आपले 60 गुण आपल्या मर्जीने वाटण्याची मुभा दिली. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे नाव ‘रोग’ असे झाले आणि दर पातळीला त्याच्या पदरी आठ कौशल्यगुण पडू लागले, जेथे योद्ध्याला दोनच मिळत. आकडे भरघोस झाले, पण त्याबरोबर कथन आखडले. ‘मी शोधतो, किती आले?’ एवढ्यावर काम भागू लागले, आणि मला ही वाढ संपूर्ण लाभाची वाटत नाही.

2014 च्या आवृत्तीने दोन तरतुदी विचारपूर्वक केल्या. ‘नॉक’ मंत्राने कुलूप उघडते, पण त्याचा धडाका 300 फुटांवर ऐकू जातो. त्यामुळे मांत्रिक हे काम करील तर पहारेकरी जागे होतील, आणि चोराची सळई पुन्हा मोलाची ठरली. दुसरी तरतूद अशी, की अकराव्या पातळीपासून ज्या कामात तो प्रवीण आहे त्यात फाशावर 9 किंवा त्याहून कमी पडले तरी ते 10 धरावे, म्हणजे साध्या कामात उस्तादाची फजिती होऊ नये. चोराला हे चाळीस वर्षांपूर्वीच मिळायला हवे होते. 2024 च्या सुधारित आवृत्तीने हा हक्क सातव्या पातळीवर आणला आहे. तो पहिल्याच पातळीवर, निदान एका निवडक कामापुरता तरी, द्यावा असे मला वाटते, कारण पुष्कळशा मंडळींचा खेळ सातवी पातळी येण्याआधीच मोडतो.