टेंबे, गोविंद सदाशिव

(५ जून १८८१ – ९ ऑक्टोबर १९५५). हार्मोनियमवादक, नाट्यसंगीताचे रचनाकार, गायक-नट, नाटककार व लेखक. जन्म कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे. रंगभूमीच्या इतिहासात त्यांचे नाव ‘संगीत मानापमान’ला चाली देणारे आणि गंधर्व नाटक मंडळीच्या तिघा मालकांपैकी एक म्हणून येते, चित्रपटाच्या इतिहासात पहिल्या मराठी बोलपटाचे नायक म्हणून. दोन्ही ठिकाणी त्यांना नेले ते पेटीने, म्हणून या नोंदीत पेटीला अधिक जागा दिली आहे.

टेंबे वाढले ते कोल्हापुरात. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने गवई, पैलवान आणि नाटकमंडळ्या यांनी गजबजलेले संस्थान. देवल क्लबात बाहेरगावचे गवई येऊन गात, आणि चांगले गाणे म्हणजे काय हे आपल्याला तिथे कळले असे ऋण टेंब्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. पेटी त्यांनी बव्हंशी स्वतःच्या हिमतीवर हस्तगत केली. दरबारगायक अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम झाली नाही, तरी खाँसाहेबांच्या गायकीचा ठसा त्यांच्या संगीतावर कायम राहिला. दुसरे मोठे नाव भास्करबुवा बखले यांचे. बुवांची तालीम ग्वाल्हेर, आग्रा आणि अल्लादियाखाँ अशा तीन ठिकाणी झालेली. त्यांच्या साथीला पेटी धरणाऱ्याच्या कानावर तिन्ही धाटणी एकाच बैठकीत पडत. वर्गात बसून मिळाली नसती अशी ही शिदोरी होती.

हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅं या कारागिराने १८४२ मध्ये घेतले. चर्चच्या भव्य ऑर्गनचा खर्च आणि जागा जिथे परवडत नसे तिथे हे वाद्य गेले, आणि फ्रान्सच्या मोठमोठ्या ऑर्गनवादक-रचनाकारांनी त्यासाठी लिहिले. सेझार फ्रांक यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १८९० मध्ये, हार्मोनियमसाठी छोट्या रचनांचा संग्रह करायला घेतला, तो अपुराच राहिला. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे ऑर्गनवादक लुई व्हिएर्न यांनी ऑर्गन किंवा हार्मोनियम यांपैकी कशावरही वाजवता येतील अशा चोवीस रचना केल्या. आलेक्सांद्र गिल्मां यांनीही या वाद्यासाठी रचना केल्या. ते १९११ च्या मार्चमध्ये वारले. त्याच महिन्यात मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. हा योगायोग असला तरी दोन्ही घटना शेजारी मांडण्याजोग्या आहेत, कारण युरोपात पुढे मागे पडत गेलेले हे वाद्य इथे गाण्याच्या केंद्राशी येऊन बसले.

तिकडे ते दोन्ही हातांनी, स्वरांचे गुच्छ लावून वाजवायचे वाद्य होते. इकडे गळ्यामागून जाणारी एकच सुरावट हवी होती. १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून बसणाऱ्याला सोयीची हातपेटी बनवली: डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने सूर. नाटकमंडळ्यांनी मात्र पायपेटी आणि पुढे ऑर्गन पसंत केला. भाता पायांवर गेला की दोन्ही हात मोकळे राहतात आणि आवाजही थेटराच्या शेवटच्या रांगेपर्यंत भरून पोचतो.

अडचण एकच, पण मुळातली. पेटीवर मींड निघत नाही. पट्टी दाबली की सूर लागतो, सोडली की तुटतो. दोन सुरांमधली वाट या वाद्यात नाही. त्यावर वादकांनी शोधलेला इलाज जवळून पाहण्यासारखा आहे. गंधारावरून पंचमाकडे जाताना मधला मध्यम बोटाखालून निसटता लागतो, आधीची पट्टी क्षणभर उशिरा सुटते आणि तेवढ्यात भात्याचा दाब किंचित उतरतो. कानाला वाटते, सूर घसरत वर गेला. ठुमरीसारखा लाडिक, वळणावळणाचा प्रकार पेटीवर उतरवायचा तर या कसबाला पर्याय नाही, आणि टेंब्यांचे नाव झाले ते याच प्रांतात. पेटी साथीपुरती न ठेवता ती एकटी मैफलीत ऐकण्याजोगी करणाऱ्यांत त्यांची गणना अग्रक्रमाने होते.

वाद मात्र पेटीची पाठ सोडत नव्हता : तिच्या ठरावीक सुरांत श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेपही होताच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम तयार करून घेतली; १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर चर्चा झाली, पण ती रुजली नाही. १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमला दारच बंद केले. बंदी सैल होऊ लागली ती १९७१ नंतर. म्हणजे टेंब्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे त्यांचे वाद्य सरकारी रेडिओवर निषिद्ध होते.

मानापमान. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आणले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली आणि तरीही ते उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. चाली देणारे टेंबे तेव्हा तिशीचेही नव्हते.

त्याआधीची रीत वेगळी होती. अण्णासाहेब किर्लोस्कर आणि गोविंद बल्लाळ देवल हे नाटककार स्वतःच जाणते असल्यामुळे साकी, दिंडी, कीर्तनी व कर्नाटकी वळणाच्या प्रचलित चालींवर पदे बांधीत. खाडिलकरांचा पिंड गाण्याचा नव्हता. टेंब्यांनी चाली सुचवायच्या आणि नाटककाराने त्यांत शब्द बसवायचे, अशा पद्धतीने काम झाले. काही पदांतील शब्दरचना त्यामुळे अवघडली, असा आक्षेप जुना आहे. तो अगदीच निराधार म्हणता येत नाही. मिळालेले मात्र फार मोठे. पूरबकडच्या ठुमरी-दादऱ्याचा डौल आणि रागसंगीताची बैठक मराठी पदात एकत्र आली, आणि गायकाला पद फुलवायला ऐसपैस जागा मिळाली. बालगंधर्वांच्या गळ्याला जे वळण महाराष्ट्राने डोक्यावर घेतले, त्याची वाट या चालींनी मोकळी केली. भास्करबुवांनी १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये तीच वाट अधिक भारदस्त केली, पण पहिले पाऊल टेंब्यांचे.

८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होते. पुढे मास्टर दीनानाथांनी धैर्यधराची काही पदे निराळ्या चालींत म्हटली व तीही लोकप्रिय झाली. त्यामुळे आज ऐकू येणारी प्रत्येक चाल टेंब्यांची धरू नये.

मंडळ्या व भूमिका. जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापली. दोनएक वर्षांतच टेंबे बाहेर पडले. कारणे निरनिराळी सांगितली जातात. त्यानंतर त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. नायकाच्या भूमिका त्यांनी बऱ्याच केल्या, तरी नट म्हणून त्यांचे स्थान बोडसांच्या पंक्तीचे मानले जात नाही.

नाटके : ‘पटवर्धन’, ‘वरवंचना’, ‘तुलसीदास’ इत्यादी. ‘महाश्वेता’ व ‘जयदेव’ या संगीतिका विशेष उल्लेखनीय. गद्य संवाद टाळून सगळी कथा गाण्यातून नेण्याचा, युरोपीय ऑपेराच्या धर्तीवरचा हा प्रयत्न मराठीत फारसा कोणी पुढे नेला नाही.

चित्रपट : प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२, संगीत व हरिश्चंद्राची भूमिका, तारामती दुर्गा खोटे), ‘माया मच्छिंद्र’ (१९३२), ‘सैरंध्री’ (१९३३).

लेखन. ‘माझा संगीत व्यासंग’ (१९३९), ‘माझा जीवनविहार’ (१९४८) आणि अल्लादियाखाँ यांचे चरित्र ही त्यांची महत्त्वाची पुस्तके. गवयांविषयी लिहिताना भक्तीच्या भरात वाहून न जाता गाण्यात नेमके काय घडत होते ते सांगणारे मराठीत मोजके, टेंबे त्यांतले. कोल्हापूरच्या त्या काळच्या बैठकी, अल्लादियाखाँ आणि भास्करबुवा यांच्याविषयी काही जाणून घ्यायचे तर ही पुस्तके टाळून चालत नाही.

नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांत ‘मानापमान’चे पद सुरू होण्याआधी बालगंधर्वांचे नाव घेतले जाते, बहुधा खाडिलकरांचेही. निवेदकांनी तिथे आणखी एक नाव जोडावे : चाल, गोविंदराव टेंबे.