शहरांच्या पायाखालचे पाणी

दूरदेशीच्या शहरांच्या नवलकथा ऐकायला कुणाला आवडत नाही? अमक्या शहरात रस्त्यांच्या जागी कालवे आहेत, तमक्या शहरात सबंध हॉटेल आतल्या पाहुण्यांसकट वर उचलले, तिसऱ्या एका शहरात स्मारकाला नव्या पायऱ्या जोडाव्या लागतात. ऐकताना मौज वाटते आणि मग आपण ते विसरून जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र अशा नवलापाशी जरा थांबावे लागते. हौसेखातर कुणी हॉटेल उचलीत नाही. त्यामागे अडचण असते, आणि ती पुष्कळदा पाण्याची असते. व्हेनिस, शिकागो आणि मेक्सिको या तीन शहरांची हकीकत त्या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

व्हेनिस हे इटलीच्या किनाऱ्यालगत खाजणातल्या शंभराहून अधिक लहान बेटांवर वसलेले आहे. खालचा चिखल इतका मऊ की नुसत्या दगडाचा पाया त्यात टिकायचा नाही. म्हणून लाकडी खुंट अगदी दाटीने चिखलात ठोकायचे आणि त्यांवर घर उभारायचे, अशी तिथली रीत. रिआल्तोचा प्रसिद्ध पूल १५८८ ते १५९१ या काळात बांधला, तो अशा सुमारे १२,००० खुंटांवर उभा आहे. लाकूड कुजत कसे नाही, असे कुणीही विचारील. चिखलात हवा फारशी पोचत नाही, आणि हवेवाचून लाकूड लवकर कुजत नाही, हे त्याचे उत्तर.

पण खरी गंमत पुढेच आहे. चारी बाजूंना पाणी आणि प्यायला थेंब नाही, अशी या शहराची अवस्था. मग त्यांनी काय केले? गावातले चौक खणले, त्यांना चिकणमातीचे अस्तर दिले, आत वाळू भरली आणि मधोमध विटांची विहीर बांधली. चौकात पडणारा पाऊस वाळूतून गाळून विहिरीत उतरे. १८८४ साली नळाचे पाणी येईपर्यंत शहराची मुख्य भिस्त या विहिरींवर होती. नद्यांचा गाळ खाजण बुजवील म्हणून तिथल्या प्रजासत्ताकाने ब्रेंटासारख्या नद्यांचे प्रवाहसुद्धा दूर वळवले. पाण्याशी असा व्यवहार शतकानुशतके चालला. विसाव्या शतकात मात्र समोरच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी उपसले आणि शहर खचू लागले. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. पुढे तो उपसा आवरला गेला. समुद्र अडवणारे प्रचंड दरवाजे मात्र २०२० साली प्रथम कामी आले.

शिकागोची तऱ्हा वेगळी. मिशिगन सरोवराच्या काठचे हे सपाट, दलदलीचे गाव. सांडपाण्याला उतारच नाही. पटकीच्या साथी येऊ लागल्या, तेव्हा १८५५ पासून त्यांनी रस्त्यांवरच गटारांचे नळ घातले, वर भराव टाकला आणि इमारती नव्या रस्त्यांच्या उंचीला आणल्या. १८६० साली लेक स्ट्रीटवरची दुकानांची रांगच्या रांग ६०० माणसांनी ६,००० जॅक फिरवून उचलली, आणि दुकाने चालूच होती! ट्रेमाँट हाउस हे हॉटेल वर गेले तेव्हा पाहुणे आतच मुक्कामाला होते. पण घाण नदीत, नदी सरोवरात, आणि पिण्याचे पाणी त्याच सरोवराचे! तेव्हा १९०० साली कालवा खणून नदीच उलटी वाहवली. घाण मिसिसिपीकडे गेली. खालच्या अंगाचे मिसूरी राज्य कोर्टात गेले, पण १९०६ साली दावा हरले. शिकागोची अडचण सुटली खरी, पण ती शेजाऱ्याच्या दारात जाऊन.

मेक्सिकोची कहाणी मात्र मनाला लागते. १३२५ च्या सुमारास आस्तेक लोकांनी सरोवरातल्या बेटावर तेनोच्तित्लान वसवले. नावांची ये-जा करणारे कालवे, काठाशी जोडणारे बांधरस्ते, चापुल्तेपेकच्या झऱ्यांचे पाणी आणणारा पाट, असा सारा थाट होता. पंधराव्या शतकात नेसावालकोयोत्ल राजाच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटरांचा बांध घालून खारे पाणी गोड्यापासून वेगळे ठेवले होते. १५२१ साली स्पॅनिशांनी हे शहर जिंकले. वेढ्यात बांध फुटले, पुढे कालवे बुजले. १६२९ च्या पुरात राजधानी सुमारे पाच वर्षे पाण्यात राहिली. अखेर पाणी हाच शत्रू ठरला आणि सरोवरे आटवण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९०० साली मोठा कालवा पुरा झाला.

सरोवर गेले, तहान मात्र राहिली. मग जमिनीखालचे पाणी ओढणे आले. सरोवराच्या तळाची चिकणमाती पिळल्यासारखी दबत गेली आणि एका शतकात शहराचा काही भाग नऊ मीटरांच्या आसपास खचला. १९१० सालचा स्वातंत्र्यस्तंभ खोल पायामुळे जागीच राहिला, भोवतीचा रस्ता खाली गेला, म्हणून त्याला १४ पायऱ्या जोडल्या. आपण ज्याला नवल म्हणतो ते हे. त्या मोठ्या कालव्याचाही उतार नाहीसा झाला. आता पाणी बाहेर टाकायला पंप, आणि प्यायचे पाणी कुत्सामालाहून हजारावर मीटर चढवून आणायलाही पंप! १९८५ च्या भूकंपात हजारो माणसे दगावली, त्यातही सर्वाधिक हानी झाली ती जुन्या सरोवराच्या तळावरच.

तीन शहरे, तीन तऱ्हा. एकाने पाणी सांभाळून घेतले, दुसऱ्याने घाण शेजाऱ्याकडे लोटली, तिसऱ्याने पाण्यालाच घराबाहेर काढले. स्तंभाच्या त्या १४ पायऱ्या म्हणजे पाण्याने राखलेला हिशेबच म्हणायचा. दर पायरीला शहर तेवढे खाली गेले आहे.