शुश्रूषागृहांतील संसर्गनियंत्रण

शुश्रूषागृहांतील संसर्गनियंत्रण : वृद्ध व परावलंबी व्यक्तींचा दीर्घकाळ सांभाळ करणाऱ्या निवासी संस्थांत सांसर्गिक रोगांचा फैलाव रोखण्यासाठी योजलेले उपाय. महाराष्ट्रात ‘शुश्रूषागृह’ म्हणजे सामान्यतः लहान खाजगी रुग्णालय. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील दीर्घकालीन निवासगृहांचा विचार केला आहे.

या उपायांचा उगम रुग्णालयांत झाला. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे इग्नाट्स झेमेलव्हाइस यांनी प्रसूतिकक्षात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम घातला व प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे १८९० च्या सुमारास व मुखपट्टी १८९७ मध्ये आली. एड्सच्या साथीत, १९८७ मध्ये, प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य मानूनच काम करावे, अशी शिफारस रोगनियंत्रण केंद्राने केली.

शुश्रूषागृहात ही पद्धती जशीच्या तशी चालत नाही. रुग्णालयातील रुग्ण काही दिवसांनी घरी जातो. येथील रहिवाशाचे तेच घर असते. स्नान, वस्त्रे, भोजन यांसाठी तो परिचारकावर अवलंबून असतो आणि एकच परिचारक अनेकांची सेवा करतो. शय्याव्रण व मूत्रनलिका यांमुळे जंतूंना शिरकाव मिळतो. परंतु रहिवाशाला महिनोन्‌महिने खोलीत कोंडणे हीही हानीच ठरते. १९८७ च्याच एका संघीय कायद्याने रहिवाशांना आप्तेष्टांच्या भेटीचा हक्क दिला होता.

प्रत्येक गृहात संसर्गप्रतिबंधाचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असावी, हा २०१६ च्या नियमावलीतील दंडक नोव्हेंबर २०१९ मध्ये अंमलात आला. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, फेब्रुवारी २०२० मध्ये, वॉशिंग्टन राज्यातील कर्कलंड येथील शुश्रूषागृहात कोविड-१९ चा उद्रेक झाला. १८ मार्चपर्यंत त्याच्याशी संबंधित १६७ रुग्ण आढळले : १०१ रहिवासी, ५० कर्मचारी व १६ अभ्यागत. बाधित रहिवाशांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले. आजारी असतानाही कामावर येणे, एकाहून अधिक गृहांत नोकरी करणे, संरक्षक साधनांचा तुटवडा व ती वापरण्याचा अपुरा सराव ही फैलावाची कारणे तपासणीत दिसून आली. त्याच परिसरातील दुसऱ्या गृहात तपासलेल्या ७६ रहिवाशांपैकी ४८ बाधित निघाले. त्यांतील २७ जणांत तपासणीच्या वेळी कोणतीही लक्षणे नव्हती. केवळ लक्षणांवरून रोगी ओळखणे अपुरे आहे, हे यातून स्पष्ट झाले.

१३ मार्च २०२० रोजी अंतकाळासारखे अपवाद वगळता भेटी बंद करण्याची सूचना निघाली. सर्वांना सर्वकाळ भेटीची मुभा १२ नोव्हेंबर २०२१ रोजी मिळाली. या काळात अनेक रहिवाशांना दीर्घ एकाकीपण सोसावे लागले.

एप्रिल २०२४ पासून मधला मार्ग लागू झाला. औषधांना दाद न देणारे जंतू बाळगणाऱ्या, तसेच जखमा वा शरीरात नलिका असलेल्या रहिवाशांना स्नान घालताना, कपडे बदलताना किंवा नलिकेची निगा राखताना परिचारकाने झगा व हातमोजे घालावेत. रहिवाशाला मात्र खोलीत अडकवू नये. एका रहिवाशाकडून दुसऱ्याकडे जाताना झगा व हातमोजे बदलून हात स्वच्छ करण्याइतका अवसर परिचारकाला असला, तरच ही साधने उपयोगी पडतात. त्यामुळे पुरेसे मनुष्यबळ व आजारपणाची भरपगारी रजा हीदेखील संसर्गनियंत्रणाचीच अंगे ठरतात.