म्हणींतील पक्षी

वा. गो. आपटे (१८७१–१९३०) यांनी १९०६ साली ‘आनंद’ मासिक काढले. ‘लेखनकला आणि लेखनव्यवसाय’ लिहिले आणि ‘मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी’ही संकलित केल्या. लेखन शिकविणाऱ्याने बोलीचे भांडार राखावे, यात आम्हांस औचित्य दिसते. त्या भांडारात पक्षी पुष्कळ. चातकाची तहान कविसंकेतातली. पण फांदीवरचा कावळा, ध्यानस्थ बगळा आणि मढ्यावर तुटून पडणारी गिधाडे ही लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेल्या गुरांची मढी खाऊन १९९०नंतर गिधाडे झपाट्याने घटली. २००६ साली गुरांसाठी त्यावर बंदी आली. तुंगारेश्वराच्या डोंगरांजवळील कामणच्या विद्यार्थ्याला कावळा-बगळा दाखविता येतो. गिधाड मात्र कोशातूनच शिकवावे लागते. संप्रदाय उरला, साक्षीदार गेला.