कॅट्रिनानंतरचें पेट्रोल

मोठ्या संकटाचा इतिहास लिहितांना पडलेलीं घरें व मेलेलीं माणसें यांची मोजदाद होते, आणि ती व्हावयासच पाहिजे. परंतु ज्याच्या अंगणांतील झाडाचें पानहि हाललें नाहीं, अशा दूरच्या मनुष्याच्या खिशास त्याची झळ कशी पोंचते, हें सहसा कोणी लिहीत नाहीं.

सन २००५ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस कॅट्रिना वादळ अमेरिकेंतील लुइझियानाच्या किनाऱ्यावर आदळलें. बांध फुटून न्यू ऑर्लिन्स बुडालें, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण ज्या मेक्सिकोच्या आखातावरून तें आलें, तेथूनच त्या काळीं अमेरिकेच्या खनिज तेलाचा सुमारें चतुर्थांश निघत असे. तें उत्पादन बहुतेक थांबलें, किनाऱ्यावरील शुद्धीकरणाचे कित्येक कारखाने थंडावले. आणि पूर्वेकडील राज्यांस पेट्रोल पोंचविणारे कलोनियल व प्लँटेशन हे दोन मोठे नळमार्ग बंद पडले. मौज अशी कीं, नळ फुटले नव्हते. पंपांची वीज तेवढी गेली होती! एवढ्यानें शेंकडों कोसांवरील अटलांटांत पेट्रोलसाठीं मोटारींच्या रांगा लागल्या. देशांतील सरासरी भाव एका आठवड्यांत गॅलनास २ डॉलर ६१ सेंटांवरून ३ डॉलर ७ सेंटांवर गेला.

१९७३ च्या तेलबंदीनें पोळल्यावर अमेरिकेनें मिठाच्या भूमिगत पोकळ्यांत तेलाचा राखीव सांठा करण्याचें ठरविलें होतें. तो या वेळीं उपयोगी पडला. २ सप्टेंबर रोजीं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सभासद राष्ट्रांनीं मिळून ६ कोटि पिंपें बाजारांत सोडण्याचें ठरविलें. आदल्याच दिवशीं अध्यक्ष बुश यांनीं, गरज नसेल तर पेट्रोल घेऊं नका, असें प्रजेस विनविलें होतें. लोकांनीं पेट्रोल कमी जाळलें खरें; पण तें या विनवणीमुळें कीं भावामुळें? आमच्या मतें मुख्यतः भावामुळें; आणि भावाची काटकसर गरिबास आधीं करावी लागते.

जॉर्जियाचे गव्हर्नर सॉनी पर्ड्यू यांनीं तर सप्टेंबरांत पेट्रोलवरील राज्याचा कर तहकूब केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस, रीटा हें दुसरें वादळ आलें असतां, डीझेल वांचविण्यासाठीं शाळांस दोन दिवस सुटी देण्याची विनंती केली. एका हातानें वापर स्वस्त करावयाचा व दुसऱ्या हातानें तो आवरावयाचा, हें धोरण आम्हांस तरी उमगत नाहीं. तथापि बहुतेक शाळांनीं ती सुटी दिली, व मुलांना ने-आण करणाऱ्या मोटारी दोन दिवस उभ्या राहिल्या.

न्यू ऑर्लिन्समध्येंहि शाळांच्या अशा मोटारी ओळीनें उभ्या होत्या. पण पुराच्या पाण्यांत. वादळापूर्वीं शहर सोडण्याचा हुकूम झाला, तेव्हां जे मागें राहिले त्यांच्यांत स्वतःची मोटार नसलेले हजारों होते. त्यांस पेट्रोलचा भाव विचारण्याचा प्रसंगच आला नाहीं.